लोण्याची गाय, रूप्याची बाई

धाकटी आई,

तू असतीस तर हे सगळं चुलीपुढं बसून तोंडानंच सांगितलं असतं, आणि तू भाकरी थापता थापता "मग गं?" म्हणाली असतीस. तुला अक्षर वाचता येत नव्हतं हे काय मला ठाऊक नाही? तरी लिहायला बसले आहे. तिसरीपर्यंत का होईना, मला शाळेत घातलंस ती तूच. आबा नको म्हणत होते, पोरीच्या जातीला कशाला म्हणून, आणि तू त्यांच्या ताटात कालवण वाढत म्हणालीस, "तिच्या आयेनं घातली असती. म्या न्हाई घातली तर लोक मलाच बोलतील." मग आटपाडीच्या बाजारातनं पाटी आणलीस, लाकडी चौकटीची, एका कोपऱ्याला चीर गेलेली. त्या पाटीवर जे काय शिकले त्याच्यावरच आजवर भागवलंय, तेव्हा चुकलंमाकलं समजून घे.

तर सांगायचं काय, मी अमेरिका बघून आले. हो, मीच! विमानात बसून, खाली ढग आणि वर मी. आल्यापासून ओसरी रिकामी नाही. बाया धुणं टाकून येतात, "काकी, सांगा की काय काय बगितलं," म्हणतात, आणि मलाही सांगायला असं भरून येतं की चूल विझली तरी मी उठत नाही. बाया तोंडाला पदर लावून शी शी म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी तेच ऐकायला परत येतात. आमचे हे, पलटणीतनं पेन्शनीत आल्यापासून ओसरीच्या कडेला विडी ओढत बसलेले असतात, ते मधेच म्हणतात, "अगं, काल त्ये डुक्कर एवढं मोठं नव्हतं की." असू दे. सांगताना डुक्कर थोडं वाढायचंच. पण बायांना सांगायचं ते वेगळं आणि तुला सांगायचं ते वेगळं. बायांना मी टाकाचं सांगितलेलं नाही.

माझा थोरला, ज्याला तू पायावर घेऊन न्हाऊ घातलंस, तो तिकडं ट्रॅक्टरच्या कारखान्यात इंजिनियर आहे. गावाचं नाव मला म्हणता येत नाही, जीभ मधेच अडकते. सांगली आणि मिरज एकाला एक जोडली तर जेवढं होईल तेवढं ते गाव, पण रस्त्यावर माणूस दिसेल तर शपथ. सगळे मोटारीत. त्याची बायको, आपली फलटणकडची पोर, तिकडंच तापानं वारली. मागं लहान मुलगी. दोन वर्षं त्यानं कशीबशी काढली आणि मग कळवलं की दुसरं लग्न करायचं म्हणतो, बाई बघितली आहे, तू ये, तिला बघ, आलीस तशी आमचं गावही बघ. मी गाव बघायला गेलेच नव्हते. मी माझ्या गेलेल्या सुनेचा टाक घेऊन गेले होते.

टाक म्हणजे काय हे तुला मी सांगावं म्हणजे कमालच. पण पोरगा विसरला होता, त्याला पहिल्यापासनं सांगावं लागलं, की अरे, पहिली बायको मेली की तिची मूर्ती रूप्याच्या पत्र्यावर ठोकून घ्यायची, अंगठ्याएवढी, आणि दुसरी आली की तिच्या गळ्यात ती बांधायची. मेलेलीचा मान राहतो आणि ती भूत होऊन येणारीला धरत नाही. माझी आई गेली तेव्हा मी रांगत होते. वर्षाच्या आत तू आलीस, आणि मांडवातच आजीनं माझ्या आईचा टाक काळ्या दोऱ्यात ओवून तुझ्या गळ्यात बांधला. मला कळायला लागलं तेव्हापासून माझी आई म्हणजे तुझ्या गळ्यातली ती रूप्याची बाई. नवं लुगडं आलं की तू आधी त्याचा पदर टाकाला लावायचीस, "ताई, तू आदी नेस." जेवायला बसलीस की पहिला घास त्याच्यापुढं धरायचीस. आणि मी, तुझ्या मांडीवर बसून, तुझ्याच गळ्यातल्या टाकाला तुझ्याच चहाड्या सांगायची. हिनं मला दूध दिलं न्हाई, हिनं माझी वेणी घट्ट घातली. तू मान वर करून छपराकडं बघत राहायचीस, जसं काही तुला ऐकूच येत नाही.

सून गेल्यावर मीच सांगलीला सोनाराकडं जाऊन तिचा टाक करून घेतला. सोनारानं तो माझ्या हातावर ठेवला. ती माझी आई होती. तेच दोन ठिपक्यांचे डोळे, तसेच अंगालगत सोडलेले हात, तोच लुगड्याचा घेर. मी म्हणाले, "आवं, ह्यो माझ्या आयेचा टाक हाय." सोनार हसला. "बाईचा ठसा एकच असतोय काकी. बाप्याचा येगळा, घोड्यावरचा येगळा. बाई समदी एकाच ठशातली." मी तो रुमालात गुंडाळून कनवटीला लावला, आणि तिथनं तो थेट अमेरिकेला गेला.

गेले त्याच दिवशी पोराला सांगून टाकलं. "लग्नाला मी न्हाई म्हणत न्हाई. पण तिनं टाक घातला पायजे, मगच."

"आई, ती ख्रिस्ताव हाय."

"असू दे की. गळा हाय न्हवं?"

तो डोकं धरून बसला. मग म्हणाला, "तूच सांग तिला. मला न्हाई जमायचं. तू हो म्हणंस्तवर मी तारीख धरत न्हाई." म्हणजे सगळं माझ्यावर आलं. त्याचं लग्न माझ्या कनवटीला.

आता ही बाई कोण, तर मिरजेची. नर्स होऊन तिकडं गेलेली. माझी सून ज्या इस्पितळात गेली तिथंच ही कामाला, मराठी बोलणारी म्हणून सुनेच्या खोलीत हिचं येणंजाणं झालं. शेवटी शेवटी सुनेचं डोकं विंचरणं, अंग पुसणं हिनंच केलं असं पोरानं मला सांगितलं होतं. मी ते ऐकून घेतलं होतं, तेवढंच. केस मानेवर कापलेले, अंगात विजार, मोटार अशी चालवते की मी डोळे मिटून रामाचं नाव घ्यायची. पण तोंड उघडलं की आपल्या नदीकाठचं बोलणं. "आवं मावशी, चला की, सुट्टी हाय माजी, गाव बगू." पोरगा कारखान्यात, नात शाळेत, आणि मी त्या घरात बसून करू काय? त्यांच्या न्हाणीत एक पांढरी डोणी आहे, तीत पाणी भरायचं आणि त्याच पाण्यात बसून अंग धुवायचं, आपलाच मळ आपल्याच अंगाला. मी तिथं बादली मागितली तर अख्ख्या घरात बादली निघेना. तेव्हा म्हटलं चला, बाहेर तरी पडू. प्रत्येक वेळी निघताना टाक कनवटीला लावायची. आज सांगायचंच, असं ठरवून.

पहिल्या दिवशी तिनं मला मेलेली जनावरं दाखवली. एवढी मोठी दगडी इमारत, मला वाटलं कचेरी असेल. आत गेलो तर काचेमागं रानरेडे, हरणं, अस्वलं, ससे, सगळी मेलेली, कातड्यात काहीबाही भरून उभी केलेली, डोळे काचेचे. रेडा, रेडी आणि मधे त्यांचं पिल्लू. अख्खं घरच्या घर. डांबरगोळ्यांचा वास. एक बाई आतमध्ये जाऊन अस्वलाच्या तोंडातली धूळ कुंचल्यानं काढत होती.

"ह्ये काय गं?"

"म्यूझियम हाय मावशी. लांबनं लोक बगाय येत्यात."

"मेलेलं बगायला?"

"मग? जित्तं चावंल की."

आता बघ, आपल्याकडं रेडकू मेलं तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून म्हशीपुढं ठेवतात. ती बिचारी चाटते आणि पान्हा सोडते. तेही मला कधी बघवलं नाही, पण त्याला काही कारण तरी आहे. इथं कुणाचं दूध काढायचं होतं? पोरंटोरं काचेला नाक लावून लाह्या खात होती. टाकाचं काढणार कशी, समोर मेलेलं अस्वल दात दाखवतंय. म्हटलं, जेवताना काढू.

जेवायला नेलं ते एका हॉलात. आपलं ताट आपणच उचलायचं आणि रांगेनं सरकत जायचं, दुष्काळात कामावर सुकडी घ्यायला उभे राहायचो तसं. पांढरी टोपी घातलेल्या बाया पळीनं वाढतात, तुझ्याकडं बघतसुद्धा नाहीत. एका वाटीत हिरवंगार काहीतरी थरथरत होतं. हात न लावता थरथरत होतं. मी घेतलं. आणि सांगते तुला, लय गोड, लय गार, चावायचं काम नाही, घशातनं आपोआप उतरतं. मी दोन वाट्या खाल्ल्या. दुसरीच्या तळाशी आले तेव्हा विचारलं, "कशाचं करत्यात गं ह्ये?"

"हाडाचं."

"कशाचं?"

"हाडं आन् कातडी उकळून त्यातनं चीक काढत्यात. मग साकर आन् रंग."

"कुणाची हाडं?"

"गायीची, डुकराची. ज्येची गावतील त्येची."

चमचा माझ्या तोंडात होता. तो तसाच. "आदी सांगायचं न्हाईस व्हय सटवे!"

"आदी सांगितलं असतं तर तुमी खाल्लं असतं का? कसं आवडीनं खात हुता, लेकरावानी," आणि ती भवानी हसायला लागली. मी पदर तोंडाला लावून उठले ते कुठं जायचं ते कळेना, तीच मला दंडाला धरून मोरीपाशी घेऊन गेली, पाठ चोळली, गार पाण्यानं तोंड पुसलं. नर्सच ती, तिला सवय. मी मटण खाते, माझ्या हातानं कोंबडी सोलते, तुझ्याच हाताखाली शिकले. पण हाडाला हिरवा रंग देऊन त्याला मिठाई करायची? चार दिवस मी जीभ आरशात बघत होते. टाकाचं त्या दिवशीही राहिलं.

असं किती सांगू. कुत्र्यांची नखं कापायचं दुकान दाखवलं. तिथं कुत्र्याला गरम वारा देऊन केस वाळवतात आणि शेपटीला रिबीन बांधतात. पोहायचा तलाव दाखवला. तिथं काय दाखवलं ते मी लिहीत नाही, तू माझ्या आबांची बायको आहेस. जिना दाखवला, आपणहून वर जाणारा. त्यावर माझ्या लुगड्याचा काठ अडकला आणि चार परकी माणसं माझा काठ ओढायला धावली. मिरजेची प्रत्येक ठिकाणी विचारायची, "आवडलं का मावशी?" मी म्हणायची, "शी!" आणि ती म्हणायची, "मग उद्या ह्याच्यापरीस घाण दावते." तिला माझी शी ऐकायला आवडायची, आणि खरं सांगायचं तर मलाही म्हणायला आवडायची.

मग जत्रा. त्यांचीही जत्रा असते, देव नसलेली. पोरगा, नात, ती आणि मी, चौघं गेलो. मैलभर मांडव. आपल्याकडं खिलार बैलांची पारख करतात तशी तिथं डुकरांची पारख. डुकरांना साबण लावून न्हाऊ घालतात, ब्रशनं भांग पाडतात, पावडर लावतात. एक डुक्कर एवढं होतं, ह्या ओसरीएवढं, हे काही म्हणोत. पहिलं आलेलं, गळ्यात निळी फीत. त्याच्या मालकाची बायको त्याच्या तोंडाचा मुका घेत होती. मी पोराला विचारलं, डुकराला फीत कशाला रे? त्यानं मालकाला विचारलं आणि मला सांगितलं, "त्यो म्हणतोय, त्येला आवडती."

त्या डुकरापुढं कुंडी होती. वाकून बघितलं तर लाल दाणे. मी मूठभर उचलले. धाकटी आई, तू त्या मोठ्या दुष्काळाच्या आधी गेलीस, सुटलीस. तेव्हा रेशनवर हीच लाल ज्वारी आली होती, अमेरिकेची म्हणून. भाकरी थापताना हातातच फुटायची, तव्यावर टाकली की दगड व्हायची, आणि पोरं घास तोंडात धरून रडायची. आम्ही म्हणायचो, त्यांच्याकडं अशीच पिकत असेल, तीही हीच खात असतील बिचारी. मी मूठ उघडून पोरापुढं धरली. "ही हितं माणसं खात्यात का रं?"

त्यानं बघितलं आणि दुसरीकडं तोंड केलं. "न्हाई आई. जनावराची हाय ती."

मी हात झाडला. डुकरानं पडलेले दाणे लगेच वेचून खाल्ले. बायांना मी डुक्कर सांगते, ज्वारी सांगत नाही.

आणि मग गाय. काचेची खोली, आत बर्फासारखा गारठा, आणि त्यात लोण्याची गाय. खऱ्या गायीएवढी. शिंगं लोण्याची, कास लोण्याची, सडं लोण्याची, पोटावरची शीर सुद्धा काढलेली. लोक रांग लावून बघत होते. मी विचारलं, "ह्ये लोणी मग खातं कोण?"

"कोण न्हाई."

"आन् एवढ्या लोण्याचं ताक? त्ये कुनाला दिलं?"

मिरजेची हसून हसून खालीच बसली. पण मला तो विचार सुटेना. एवढं लोणी म्हणजे केवढं ताक, कितीजणांची कढी. आणि त्याच मांडवाच्या दाराबाहेर गाय भाजत होते, तिचा धूर आत येत होता. आत काचेत गाय, बाहेर शेगडीवर गाय. नातीनं माझा हात धरून विचारलं, "आजी, यू लाइक?" तिच्या मम्मीचं म्हणजे माझ्या सुनेचं नाक तिला आलंय, हसताना असंच पसरतं. तेव्हा मी मनात धरलं की आता बस झालं. जी माणसं अख्खी गाय लोण्याची करून पूजल्यासारखी बघतात, त्यांच्यात राहणाऱ्या बाईला अंगठ्याएवढी रूप्याची बाई जड व्हायचं कारण नाही.

शेवटचं ठिकाण तिनं दाखवलं ते नदीवरची बोट. मोठं चाक लावलेली, दोन मजली, वर बाजा वाजतोय, लोक नाचतायत. आम्ही दोघीच खालच्या मजल्यावर कठड्याला टेकून उभ्या होतो. पाणी गढूळ, संथ. मी म्हणाले, "आमच्या कृष्णेपुढं ह्ये काय, गटार हाय." तिनं पलीकडच्या काठाकडं बोट केलं. मग म्हणाली, "तिची राख हितंच सोडली मावशी. त्या पलीकडच्या झाडापाशी. मीच गाडी घेऊन आल्ते. म्हणून आणली तुमास्नी."

मी पाण्याकडं बघितलं. वरच्या मजल्यावरनं कुणीतरी कोंबडीची हाडं खाली टाकली, माझ्या डोळ्यांदेखत, आणि ती बुडाली. वर नाच चालूच. माझी सून ह्यांच्या नाचाखाली, ह्यांच्या उष्ट्याखाली. मी कनवटीची हळदकुंकवाची पुडी काढून पाण्यात सोडली, आणि त्याच हातानं टाक काढून तिच्यापुढं धरला.

"लय नाजूक हाय की. काय ह्ये?"

"माझी सून."

तिनं तो तळव्यावर घेतला. डोळ्यांजवळ नेऊन बघितला. "ही? हिचं नाक तर..."

"नाक बगू नगंस. ठसा हाय त्यो." आणि मग मी सगळं सांगितलं. आई, तू, मांडव, काळा दोरा, नवं लुगडं, पहिला घास. बाजा एवढा वाजत होता की मला ओरडून सांगावं लागत होतं. झाल्यावर तिनं टाक माझ्या हातात परत ठेवला आणि माझी बोटं त्यावर मिटली.

"न्हाई मावशी. म्या न्हाई घालायची."

"तुझ्या धर्मात बसत न्हाई, म्हाईत हाय मला. पोलक्याच्या आत घाल. कोण बगाय येतंय?"

"धर्माचं ऱ्हाऊ द्या. तुमास्नी बरं वाटावं म्हणून घातला असता आन् तुमी इमानात बसला की काढला असता. कुनाला कळलं असतं? पर तसं मला करायचं न्हाई." मग पाण्याकडं बघत म्हणाली, "तिच्या उशाशी बसलेय मी. ती मला कशाला धरंल? आन् धरली तर धरू दे, बोलू आमी दोगी."

"आगं, भ्यायचं न्हवं. मान हाय त्यो. माझ्या धाकट्या आईनं जन्मभर घातला."

"त्यास्नी इचारलं हुतं का कुणी?"

"काय इचारायचं?"

"घालायचा का म्हणून."

"तिला कशाला इचारायला पायजे? तिला आवडायचं."

हे मी म्हणाले आणि माझ्याच कानाला ते दुसऱ्याच कुणाचं बोलणं वाटलं. डुकराच्या मालकाचं. रागावू नको. तुझी आणि त्याची बरोबरी नाही करत मी, माझी आणि त्या मालकाची करते आहे. मिरजेचीनं हळूच विचारलं, "कशावरनं मावशी?"

मग मला ती नागपंचमी आठवली. वडाला झोका बांधलाय. मी खाली उभी आहे, फुगडी खेळून दमलेली. बाया तुला ओढून झोक्यावर चढवतात, तू नको नको म्हणतेस, आणि मग चढतेस. चढल्यावर तू दोन्ही हातांनी गळ्यातला दोरा धरून टाक मागं पाठीवर टाकतेस आणि झोका घेतेस. उंच, फांदीच्या वर. तू हसतेस. तुझे सगळे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले, तू तेव्हा वीस-बावीसची असशील, आज माझ्या नातसुना होतील त्या वयाची. आणि मी खालून ओरडते, "माझी आये पाठीवर टाकली हिनं!" झोका थांबला. तू पाय मातीत घासत उतरलीस, टाक पुढं घेतलास, आणि मला एक चापट दिलीस. जन्मात एकच. मग घरी येऊन चुलीपुढं बसलीस आणि टाकाला म्हणालीस, "चुकलं ताई." पुन्हा तुला झोक्यावर बघितल्याचं मला आठवत नाही.

बोटीवरनं उतरताना मला भडभडून ओकारी आली. मिरजेचीला वाटलं पाणी लागलं. तिनं पाठ चोळली, मी चोळू दिली. आजवर तिथं बघितलेल्या सगळ्या घाणीची मिळून आली नव्हती एवढी किळस मला त्या दिवशी आली, आणि ती कुणाची हे त्या पोरीला मी सांगितलं नाही.

संध्याकाळी पोराला म्हणाले, "तारीख धर."

"घालती म्हणाली?"

"न्हाई म्हणाली. तुला काय करायचंय? धर तारीख."

लग्न झालं. एका कचेरीत, सही करून, पाच मिनिटांत. ना अक्षता, ना वाजंत्री. नंतर पांढरा केक कापून एकमेकांच्या तोंडात कोंबला, आणि उष्टी बोटं तिथल्या तिथं चाटली. मी तेव्हाही शी म्हणाले, आणि सगळे हसले. सुनेचा फोटो त्यांच्या दिवाणखान्यात भिंतीवर आहे. मिरजेची तो फडक्यानं पुसते आणि नातीला सांगते, "तुजी आई लय चावट हुती. इंजेक्शन द्यायला गेलं की मला शिव्या द्यायची, फलटणच्या." नात हसते, तसंच नाक पसरून.

टाक परत आला. हे म्हणाले, "आता काय करतीस त्येचं? कृष्णेत सोड." मी गेलेसुद्धा. आमच्या मलकापुरातनं कऱ्हाडला चालत गेले, घाटावर उभी राहिले, बायका धुणं बडवत होत्या, पोरं उड्या मारत होती. हात पुढं केला आणि मागं घेतला. तिला एकदा पाण्यात सोडली होती, पुन्हा कशाला. परत येताना एस.टी.त गर्दी. कनवटीचा पडेल म्हणून टाक दोऱ्यात ओवून गळ्यात घातला. तो तेव्हापासून तिथंच आहे. सुनेचा टाक सासूनं घालायचा, असं कधी ऐकलं होतंस का? बायांच्या नजरेस पडू नये म्हणून पोलक्याच्या आत असतो. आणि तो एकाच ठशातला, तेव्हा तो सुनेचा आहे की आईचा हे माझं मलाच रोज ठरवावं लागतं. तुझा टाक मात्र कुणी केलाच नाही. आबा आधी गेले होते, मागनं कुणी येणारी नव्हती, आणि तू कुणाला धरशील असं तर कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही.

हे कुठं धाडायचं नाही, ठाऊक आहे मला. घडी करून लुगड्यांच्या पेटीत तळाशी ठेवते. एक राहिलं सांगायचं, बायांना नाही, ह्यांनाही नाही, तुलाच. टोचतो गं हा. वाकलं की खालची कड गळ्याखालच्या खड्ड्यात रुतते. तू कधी बोलली नाहीस.